शेकोटीच्या निखाऱ्यांवर ब्रेड

कॅम्पिंगला जाऊन ब्रेड भाजायचा म्हटलं की पहिली चौकशी असते ती कृतीची. मैदा किती, पाणी किती, यीस्ट कुठलं? कृती खाली दिली आहेच आणि ती सोपी आहे. पण शेकोटीवरचा ब्रेड फसतो तो बहुतेक वेळा पिठामुळे नव्हे, विस्तवामुळे. जाळ छान दिसतोय म्हणून उंडा त्यावर धरला जातो, तीन-चार मिनिटांत वरून काळाठिक्कर होतो आणि तोडून बघावं तर आत कच्चं, चिकट पीठ.

असं का होतं हे कळलं की अर्धं काम झालं. पिठातला स्टार्च साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी शोषून फुगायला लागतो, आणि ब्रेडचा गाभा पूर्ण शिजायला तिथलं तापमान ९३ ते ९७ अंशांपर्यंत जावं लागतं. आत पाणी असेपर्यंत ते १०० च्या वर जातच नाही. बाहेरच्या पापुद्र्याला मात्र ही मर्यादा नाही. तो वाळतो, १४० अंशांच्या आसपास तांबूस व्हायला लागतो आणि त्याच्या बऱ्याच पुढे गेला की जळतो. पिठातून उष्णता फार सावकाश आत जाते, त्यामुळे गोळा जितका जाड तितकी आच मंद आणि वेळ जास्त. जाळाची धग वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेबरोबर बदलते, शिवाय काजळी धरते. निखाऱ्यांची धग एकसारखी असते. म्हणून ब्रेड निखाऱ्यांवर भाजायचा.

वेळेचं गणित

लाकडं पेटवल्यापासून भाजण्याजोगे निखारे पडायला पाऊण ते एक तास लागतो. ते चांगल्या धगीत राहतात साधारण अर्धा-पाऊण तास, मग राखेखाली मंदावतात. यीस्टच्या पिठालाही स्वतःचं वेळापत्रक असतं. २५ ते २८ अंशांच्या हवेत ते तास-दीड तासात दुप्पट होतं आणि आकार दिल्यावर आणखी ३० ते ४५ मिनिटं मागतं. या दोन गोष्टी एकाच वेळी तयार व्हायला हव्यात. पीठ दुपटीच्या जवळ आलं की शेकोटी पेटवा आणि १०-१५ मिनिटांनी उंडे करायला घ्या. उंडे दुसऱ्यांदा फुगेपर्यंत निखारे तयार असतात.

चूक झालीच तर ती निखारे लवकर होण्याच्या बाजूने होऊ द्या. बाजूला छोटा जाळ चालू ठेवून नवे निखारे पाडत राहता येतं, पण प्रमाणाबाहेर फुगून बसलेल्या पिठाला पुन्हा उभं करणं कटकटीचं. अंधार पडायच्या आत भाजणं संपेल असा बेत केलेला बरा. टॉर्चच्या उजेडात तांबूस आणि करपलेलं यांतला फरक कळत नाही.

घरून काय तयार करून न्यायचं

यीस्टचं पीठ:

मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३१० मिलि, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम (सपाट दीड चहाचा चमचा), साखर १० ग्रॅम, तेल २० ग्रॅम.

काठीवर गुंडाळायचं असेल तर पाणी २८० मिलिवर आणा, नाहीतर पीठ सैल होऊन काठीवरून ओघळतं. मैद्याच्या जागी एक तृतीयांश गव्हाचं पीठ चालतं. त्याला दोन-तीन मोठे चमचे पाणी जास्त लागतं आणि ब्रेड जरा भरीव होतो. सगळं एकत्र करून आठ-दहा मिनिटं चांगलं तिंबून घ्या. पीठ ताणलं तर तुटण्याऐवजी पातळ पडदा व्हायला हवा. दमलात तर पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि पुन्हा मळा. त्या वेळात पीठ आपणहून बरंचसं मऊ होतं.

माझ्या मते सगळ्यात सोयीचा मार्ग म्हणजे हे पीठ आदल्या रात्री घरी मळून फ्रिजमध्ये ठेवणं. थंडीत यीस्ट मंदावतं आणि आठ-बारा तासांत पिठाला चवही चांगली येते. आतून तेल लावलेल्या, दुप्पट मोठ्या झिप पिशवीत ते भरा, हवा काढून टाका आणि थंड पेटीत घालून न्या. पिशवी पुरेशी मोठी नसेल तर वाटेत पीठ पिशवी फाडून बाहेर येतं आणि बाकीच्या सामानाला चिकटतं. मुक्कामी पोचल्यावर ते बाहेर काढून तासभर हवेच्या तापमानाला येऊ द्या.

जागेवरच मळायचं असेल तर कोरडं साहित्य घरी मोजून पिशवीत भरा. तिथे पिशवीतच पाणी आणि तेल घालून बाहेरून मळता येतं, परातीची गरज पडत नाही आणि हातही फारसे भरत नाहीत. पाणी कोमट असावं, हाताला सोसेल इतकंच. ५५ ते ६० अंशांच्या पुढे यीस्ट मरतं. कडाक्याच्या थंडीत पिशवी जॅकेटच्या आत ठेवा, अंगाच्या उबेवर पीठ छान फुगतं. उकाड्यात उलट करा: गार पाणी वापरा आणि यीस्ट निम्मं घ्या.

बेकिंग पावडरचं पीठ हा आळशी माणसाचा आणि पावसाळी हवेचा मार्ग आहे. फुगायला तास लागत नाहीत. २५० ग्रॅम मैदा, अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर, पाऊण चमचा मीठ, एक चमचा साखर आणि दोन मोठे चमचे दूध पावडर घरी एकत्र करून न्या. तिथे दोन मोठे चमचे तेल किंवा वितळलेलं लोणी आणि सुमारे १५० मिलि पाणी घाला. हे पीठ मळायचं नाही, फक्त गोळा होईपर्यंत एकत्र करायचं. जास्त मळलं तर ब्रेड चिवट होतो. शिवाय पाणी लागताक्षणी पावडरीतून वायू सुटायला लागतो, त्यामुळे पाणी घालायचं ते निखारे तयार झाल्यावरच.

सोबत मुलं असतील तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: कच्चं पीठ चाटायचं नाही. मैदा किंवा कणीक ही भाजलेली वस्तू नाही. तिच्यात ई. कोलाय आणि साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात. काठीवर ब्रेड भाजताना हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण अर्धकच्चा भाग ‘मऊ’ समजून खाल्ला जातो.

विस्तव

आग कुठे पेटवायची याचे त्या जागेचे नियम आधी विचारून घ्या. कोरड्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी शेकोटीला बंदी असते. परवानगी असली तरी आधीपासून वापरात असलेलं शेकोटीचं रिंगण निवडा, भोवतीचं वाळलं गवत आणि पाचोळा तीन मीटरपर्यंत बाजूला करा आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. वारा जोराचा असेल तर शेकोटी करूच नका.

लाकूड कोरडं, टणक आणि शक्यतो मनगटाएवढ्या जाडीचं घ्या. काटक्यांचा जाळ मोठा होतो, पण निखारा उरत नाही. जाडजूड ओंडका तासन् तास धुमसत राहतो. चीड-देवदारासारखं राळ असलेलं लाकूड पेटवायला उत्तम, भाजायला वाईट, कारण काजळी आणि राळेचा वास ब्रेडला लागतो. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, खोक्यांच्या फळ्या यांचा धूर अन्नाजवळ अजिबात नको. रिंगणासाठी नदीतले ओले दगड उचलू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या उडतात.

निखारे पडले की रिंगणाच्या एका बाजूला जाळ ठेवा आणि दुसऱ्या बाजूला निखारे ओढून पसरा. जाळ नवे निखारे पुरवतो, पसरलेल्या भागावर भाजायचं. धग मोजायला तळहात पुरतो. निखाऱ्यांपासून साधारण अर्धी वीत वर हात धरा आणि सेकंद मोजा. दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागला तर धग ब्रेडसाठी फार आहे, थांबा किंवा निखारे विरळ करा. पाच-सहा सेकंद धरता आला तर काठी आणि तवा दोन्हींसाठी ती योग्य. दहा सेकंद निवांत धरता येत असेल तर नवे निखारे ओढायची वेळ झाली. निखाऱ्यांवर करड्या राखेचा पातळ थर दिसला पाहिजे. लाललाल, राख न धरलेले निखारे अजून तयार झालेले नाहीत.

काठीवर

मुलांना यात सगळ्यात जास्त मजा येते आणि भांडं लागत नाही. काठी अंगठ्याएवढी जाड आणि हातभर लांब हवी. ओळख पटलेल्या, बिनविषारी झाडाचीच घ्या. कण्हेर तर पूर्ण विषारी आहे, आणि तोडल्यावर पांढरा चीक येतो अशी कुठलीही फांदी टाळा. झाड ओळखता येत नसेल तर घरून लाकडी दांडकं न्या, वादच नको. बांबू वापरायचा तर तो उभा चिरून घ्या, कारण त्याची बंद पेरं तापली की फुटतात. टोकाकडची वीतभर साल सोलून काढा.

मग ती उघडी काठी दोन-तीन मिनिटं निखाऱ्यांवर तापवा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. थंड काठीभोवतीचं पीठ आतून कच्चं राहतं. तापलेली काठी आतल्या बाजूने भाजायला मदत करते.

चाळीस-पन्नास ग्रॅमचा गोळा घेऊन त्याची बोटाएवढी जाड वळी करा. वरच्या कृतीत असे सोळा ते वीस गोळे होतात. वळी टोकापासून तिरकी गुंडाळा. वेढ्यांमध्ये थोडी फट ठेवा, वेढा वेढ्यावर चढू देऊ नका. चढलेल्या जागी जाडी दुप्पट होते आणि तिथेच कच्चं राहतं. टोकावर पीठ दाबून बंद केलंत तर भाजल्यावर एका बाजूने बंद अशी नळी मिळते आणि तिच्यात लोणी, मध किंवा जॅम भरता येतो. निखाऱ्यांपासून वीतभर वर धरून सतत फिरवत राहा. दहा ते पंधरा मिनिटं लागतात. ब्रेड तयार झाला की हलक्या पिळ्याने काठीवरून सुटतो. सुटत नसेल तर आत ओल आहे, ओढाताण न करता परत धरा.

तव्यावर

बिडाचा तवा किंवा जाड बुडाची लोखंडी कढई घ्या. नॉनस्टिक भांडं निखाऱ्यांवर नको. तिथे तापमानावर ताबा नसतो आणि तो थर अति तापला की त्यातून घातक वाफा निघतात. जस्ताचा मुलामा दिलेली जाळीही त्याच कारणाने वर्ज्य.

यासाठी बेकिंग पावडरचं पीठ सगळ्यात चांगलं. दोन सेंटीमीटर जाडीची चकती थापा, मधोमध बोटाने भोक पाडा म्हणजे मधला भाग मागे राहत नाही. तव्याला तेल लावून मंद निखाऱ्यांवर सात-आठ मिनिटं ठेवा, खालची बाजू कडक झाली की कालथ्याने उलटा. दुसरी बाजू तेवढाच वेळ. आता तवा निखाऱ्यांवरून काढा आणि जाळाच्या बाजूला दगडाला टेकवून तिरका उभा करा. ब्रेडचं तोंड जाळाकडे असू द्या. समोरून येणाऱ्या धगीने तो आणखी आठ-दहा मिनिटं भाजतो. मधे एकदा फिरवा. फक्त खालून भाजलेल्या ब्रेडपेक्षा हा कितीतरी सरस होतो, कारण कडाही शिजतात आणि वरून खरपूस रंग येतो.

झाकणाच्या बिडाच्या भांड्यात

खरा, उंच, कवचदार ब्रेड हवा असेल तर डच ओव्हन हवा. म्हणजे जाड बिडाचं, घट्ट झाकणाचं भांडं. कॅम्पिंगच्या प्रकाराला तीन पाय असतात आणि झाकणाला उभी कड असते, त्यामुळे झाकणावर निखारे ठेवता येतात. पाय नसतील तर तीन सारखे कोरडे दगड ठेवून त्यावर टेकवा, खाली दोन-तीन बोटं जागा राहू द्या. वजन भरपूर असतं. गाडी मुक्कामापर्यंत जात असेल तरच हे न्या, पाठीवर वाहण्याची वस्तू नाही.

इथे सगळं यश निखाऱ्यांच्या वाटणीत आहे. ब्रेडला वरून धग जास्त आणि खालून कमी लागते, ढोबळ मानाने दोन तृतीयांश वर आणि एक तृतीयांश खाली. तयार कोळशाच्या वड्या वापरल्या तर हे मोजताही येतं. भांड्याचा व्यास इंचांत जितका, त्याच्या दुप्पट वड्या घेतल्या की आत सुमारे १७५ अंश मिळतात. १० इंची भांड्याला म्हणजे २० वड्या. वर एक आणि खाली एक अशी जोडी वाढवली की सुमारे १४ अंश वाढतात. ब्रेडला २१५ अंशांच्या आसपास हवं, म्हणून आणखी तीन जोड्या, एकूण २६. त्यांतल्या १७ झाकणावर आणि ९ खाली. वारा आणि थंडी असेल तर दोन-तीन जास्त लागतील. वड्या साधारण पाऊण तास चांगल्या तापतात, एका ब्रेडला पुरतात. लाकडाचे निखारे असे मोजता येत नाहीत. ते फावड्याने उचलून झाकणावर पूर्ण थर आणि खाली फक्त कडेने विरळ कडं, एवढं लक्षात ठेवा.

खालचे निखारे भांड्याच्या बरोबर मध्याखाली कधीच ठेवू नका. परिघाच्या किंचित आत गोल मांडा. बूड करपण्याचं हेच एक मोठं कारण आहे.

५०० ग्रॅम मैद्याचा पूर्ण गोळा १० इंची भांड्यात नीट बसतो. गोळ्याची वरची बाजू ताणून घट्ट करा आणि बेकिंग पेपरवर फुगू द्या. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला तर तो तयार आहे. लगेच उसळून आला तर अजून थांबा. दरम्यान रिकामं भांडं आणि झाकण दहा मिनिटं तापवा. मग झाकण काढून, कागदासकट गोळा आत सोडा, धारदार सुरीने वर एक चीर द्या, झाकण लावा आणि निखारे मांडा. हातमोजे जाड चामड्याचे हवेत. ओला कपडा वापरू नका, त्यातून वाफेचा चटका बसतो.

दर दहा-बारा मिनिटांनी भांडं एक तृतीयांश एका दिशेला आणि झाकण तितकंच उलट दिशेला फिरवा. निखारे कधीच सारखे तापत नाहीत, त्यावर हा उपाय. पण झाकण उघडून बघायचा मोह पहिली वीस-पंचवीस मिनिटं आवरा. गोळ्यातून निघालेली वाफ आत कोंडलेली असते, तिच्यामुळे वरचा पापुद्रा लवचीक राहतो आणि ब्रेड उंच फुगतो. पंचवीस मिनिटांनी एकदा पाहा. वर रंग नसेल तर खालचे काही निखारे उचलून झाकणावर टाका. एकूण ३५ ते ४५ मिनिटं. झाकण उचलताना ते सरळ ठेवा, नाहीतर राख थेट ब्रेडवर.

काढल्यावर बुडाशी बोटाने टकटक करा, पोकळ आवाज यायला हवा. सुईचा थर्मामीटर असेल तर गाभ्यात ९५ च्या आसपास आकडा दिसेल. उंच डोंगरावर हा आकडा चालत नाही. पाणी दर ३०० मीटरला साधारण १ अंश लवकर उकळतं, म्हणून ३००० मीटरवर गाभा ९० च्या फार पुढे जाणारच नाही. तिथे वेळ थोडा वाढवा आणि पोकळ आवाजावर भिस्त ठेवा. यीस्टही पाव हिश्श्याने कमी घाला, कारण विरळ हवेत पीठ लवकर फुगतं.

आणि कापायची घाई नको. अर्धा तास तरी उघड्यावर, खालून हवा लागेल असा ठेवा. गरम कापला तर गाभा लगदा होतो आणि सगळ्यांना वाटतं की कच्चाच राहिला.

थेट राखेत

भांडंच नसेल तर. स्वच्छ टणक लाकडाची गरम राख, ज्यात लाल निखारे उरलेले नाहीत, असा फुफाटा लागतो. घट्ट पिठाची तीन सेंटीमीटरची चकती करून तिला कोरडा मैदा चोळा. गरम जमिनीवरची राख थोडी बाजूला करून चकती ठेवा, पाच मिनिटांत वरचा पापुद्रा वाळला की राखेने झाका आणि वर थोडे निखारे पसरा. वीस-पंचवीस मिनिटांनी काढून राख झटका. कवच जाड होतं आणि थोडी राख तोंडात येतेच. ते आवडत नसेल तर तेल लावलेल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या दोन थरांत सैलसर गुंडाळा. फॉइल धगधगत्या निखाऱ्यांत टाकू नका, तिला भोकं पडतात.

बिघडलं तर

बाहेरून काळा आणि आतून कच्चा म्हणजे धग जास्त किंवा जाडी जास्त. काळा भाग खरवडून काढा, ब्रेड आडवा कापा आणि कापलेल्या बाजू मंद तव्यावर भाजा. वाया जात नाही. फिकट, जड आणि कोरडा म्हणजे धग कमी पडली आणि ब्रेड फार वेळ नुसताच वाळला. बूड करपलं तर पुढच्या वेळी खालचे निखारे कमी करा, वरचे तसेच ठेवा. पीठ फुगलंच नाही तर यीस्ट जुनं होतं किंवा पाणी गरम होतं. त्या पिठाच्या पातळ चकत्या लाटून तव्यावर भाजून टाका.

पाऊस आला म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत नेऊ नका, तंबूचं दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत तो जीव घेतो. पीठ पिशवीत परत घालून थंड पेटीत ठेवा, सकाळपर्यंत टिकतं.

शेकोटी विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता. तळहात जवळ नेऊन धग लागत नाही ना बघा, मग राखेला हात लावून पाहा. वरून गार दिसणाऱ्या राखेखाली निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहू शकतो. हे पाणी तापलेल्या बिडाच्या भांड्यावर मात्र पडू देऊ नका. तापलेलं बीड गार पाण्याने तडकतं. ते आपोआप निवू द्या, मग पुसून तेलाचा हात फिरवून ठेवा.